किटली ज्याच्या पाठीवर

मित्रांनो, माझ्यात पाणी ओतू नका, गळेल. बुडाशी, जिथे जाळ सर्वांत जास्त लागतो तिथे, वाटाण्याएवढे भोक पडले आहे. आता माझ्याकडे तुम्हाला द्यायला कॉफी नाही, फक्त हकिगत आहे, आणि तीही मी दमत दमत सांगणार आहे.

मी कॉफीची एक जुनी किटली आहे. स्वीडनच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका तळ्याकाठी, वल्ही ठेवायच्या छपरीत मी एका खिळ्याला टांगलेली आहे. वारा आला की भिंतीवर आपटते. तेवढाच माझा आवाज उरला आहे.

एक नियम आधी सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. किटली ज्याच्या पाठीवर, थांबा त्याच्या हातात. तो म्हणेल तिथे बसायचे, तो म्हणेल तेव्हा उठायचे. बाकीच्यांनी का म्हणून विचारायचे नाही. आज सांगणारी मी आहे, म्हणजे थांबे माझे. मध्येच गप्प झाले तर रागावू नका.

थांबा

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा, वरून यंत्राचा दाब, आणि एका दणक्यात पोट तयार. चोच नंतर बसवली, लाकडी मूठ त्याच्याही नंतर. माझ्यासारख्या चाळीसजणी एका फळीवर ओळीने ठेवल्या होत्या. आम्ही इतक्या लखलखीत होतो, की एकीच्या पोटात दुसरीची चोच दिसत असे. ती माझी पहिली आणि शेवटची चकाकी.

मग मी रेल्वेत लागले. उत्तरेच्या रानातल्या एका लहानशा स्टेशनात एव्हर्ट नावाचा मास्तर होता. अठरा वर्षे मी त्याच्या चुलीवर होते. पाणी, जाडसर दळलेली कॉफी, तीन वेळा उकळी, मग गाळ बसेपर्यंत गप्प राहायचे. बाहेरून तो मला कधीमधी पुसत असे. आतून कधीच घासले नाही. कॉफीचे वर्षानुवर्षांचे काळे पूट हीच माझी कमाई होती, आणि ते एव्हर्टला ठाऊक होते. रुळांवर काम करणारी माणसे बर्फ झटकत आत यायची आणि म्हणायची, गाडी उशिरा आली तरी चालेल, पण ही किटली वेळेवर तापते. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत मोठे कौतुक. याहून मोठे मी कधी मागितले नाही.

१९७९च्या जुलैत ते स्टेशन बंद होणार होते. शेवटच्या आठवड्यात एक डबा बिघडून आमच्यापाशी अडकला आणि त्यातून एकमेकांना अनोळखी असे तीन तरुण उतरले. तिघेही वेगवेगळ्या देशांतले. महिनाभर कुठेही फिरायचा रेल्वेचा एकेक पास तिघांच्याही खिशात होता. गुन्नेल स्वीडनचीच होती, किनाऱ्याच्या गावातली, दात दाखवायला गेलेल्या माणसाला हसवणारी मदतनीस. इल्मरी फिनलंडचा होता. तळ्याकाठी वाढलेला सुतार, दिवसाला चाळीस शब्द बोलला तर खूप. वान हा डेन्मार्कच्या एका सपाट बेटावरचा माळी. चढ म्हणजे काय हे त्याला त्या वर्षापर्यंत माहीतच नव्हते.

सहा तास ते बाकावर बसले. एव्हर्टने तीनदा कॉफी केली. गाडी सुटायच्या वेळी त्याने मला गाळासकट इल्मरीच्या हातात दिले.

"न्या हिला," तो म्हणाला. "इथे आता कोणी थांबणार नाही."

आणि हसत हसत तो नियमही सांगितला. स्टेशनमास्तर आता ही आहे, जो हिला वाहील त्याने थांबा ठरवायचा.

थांबा

त्यानंतर तिघे उन्हाळ्यात भेटू लागले, पाळीपाळीने एकेकाच्या देशात किंवा शेजारी. ते उन्हाळे कसे सांगू? ते माझ्यात ओळीने नाहीत. पोचे जसे पडले तसे आहेत. हात फिरवाल तसे ऐका.

हा चोचीजवळचा पोचा नॉर्वेचा. अकरा दिवस पाऊस. अकराव्या दिवशी गुन्नेलने मला एका खडकावर आपटले आणि ती रडायला लागली. थोड्या वेळाने स्वतःच हसली. दोघे पुरुष त्या वेळात समुद्राकडे बघत होते, जणू तिथे काहीतरी महत्त्वाचे चालले आहे.

हा झाकणाचा, डेन्मार्कचा. वानच्या बेटावर उघड्यावर जाळ करू देत नसत. मला गॅसच्या निळ्या फुलावर बसवले. आयुष्यात पहिल्यांदा मला धुराचा वास आला नाही आणि मी कॉफी नीट केली नाही. मुद्दाम नव्हे. किंवा थोडे मुद्दाम. त्याच बेटावर वानने मला प्रेमाने आतून साबण लावून घासले. पुढचे वीस दिवस कॉफीला फेस येत होता. तिघेही ती प्यायले. इल्मरी एवढेच म्हणाला, "स्वच्छ आहे."

फिनलंडचा पोचा नाही. तिथे मी इल्मरीच्या धक्क्यावर बसून असे. हे तिघे वाफेच्या न्हाणीघरातून लालबुंद होऊन येत आणि तळ्यात उड्या मारत. इल्मरी भाजलेल्या चीजचे तुकडे पेल्यात टाकून वर कॉफी ओतत असे. वानला पहिल्यांदा वाटले, पेल्यात साबणाची वडी पडली आहे. मागचे पाप आठवले असेल बिचाऱ्याला. तिथेच इल्मरीने त्याला नाव वल्हवायला शिकवायचा प्रयत्न केला. वानची नाव एकाच जागी गोल गोल फिरत राहिली आणि धक्क्यावरून गुन्नेल ओरडली की अरे, ते वल्हं आहे, लाटणं नाही.

तेव्हापासून ठरूनच गेले. पाणी आले की वल्ही इल्मरीची.

थांबा. इथे जरा जास्त वेळ.

मग पंधरा वर्षे कोणी मला हात लावला नाही. तिघांची लग्ने झाली, मुले झाली, वानच्या काचघरांवर एकदा वादळ पडले. मी गुन्नेलच्या तळघरात होते. तिच्या नवऱ्याला खिळे ठेवायला भांडे हवे होते. मी भांडे होते. पोटात खिळे घेऊन मी सहा हिवाळे काढले. नंतर खिळ्यांना गंज चढला आणि तोही माझ्यात उतरला. मित्रांनो, वापरून झिजलेल्या वस्तूला दुःख नसते. न वापरता गंजणाऱ्या वस्तूला असते. पण आज मला त्याचे गाऱ्हाणे सांगायचे नाही. ते दुखणे जुने झाले.

एका वसंतात इल्मरी तिच्याकडे आला. आता त्याचे केस पांढरे होते. तो तळघरात उतरला, खिळे जमिनीवर ओतले, माझ्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला.

"हे काय केलंस गं हिचं?" तो म्हणाला.

त्या एका वाक्यावर पुढचे बारा उन्हाळे उभे राहिले.

थांबा

आता शेवटचा उन्हाळा.

तिघेही पासष्टी ओलांडलेले. स्वीडनची पाळी होती. डोंगरातली आठ दिवसांची वाट, रोज रात्री एका लाकडी घरात मुक्काम, सातव्या दिवशी हे तळे. निघताना इल्मरी म्हणाला, किटली या वेळी संबंध वाट मी घेणार. बाकीच्यांना नवल वाटले, कारण मला वाहण्याची रोज अदलाबदल होत असे. पण नियमात बसत होते. कोणी का म्हणून विचारले नाही.

कारण माझ्या पोटात होते. खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी, रुमालात गुंडाळलेली. आत खोकल्याच्या गोळ्या नव्हत्या. जिभेखाली ठेवायच्या होत्या, छातीत धरल्यावर. पहिल्या दिवशी रुमाल नीट होता. दुसऱ्या दिवशी तो सुटला आणि डबी माझ्यात वाजू लागली. दलदलीवर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून एकामागे एक चालायचे असते. पुढे इल्मरी, त्याच्या पाठीवर मी, आणि माझ्यात खुळखुळ, खुळखुळ. मागचे दोघे ते ऐकत चालत होते.

आणि थांबे.

पूर्वी दिवसाला चार थांबे होत. हा माणूस थांब्यांची टर उडवणारा. म्हणायचा, डेन्मार्कचा माणूस बाक बघितला की बसतो. आता तो पाऊण तासाला थांबू लागला. म्हणायचा, इथलं पाणी चांगलं आहे. म्हणायचा, इथे वारा नाही, डास आहेत पण वारा नाही. पाठ फिरवून माझे झाकण काढायचा, डबी खिशात घालायचा, मग जाळ करायचा. एकदा तर एका उजाड कातळावर बसला आणि म्हणाला, इथून दिसतं छान. समोर ढग होता. ढगाशिवाय काही नव्हते. तिघेही त्या ढगाकडे बघत पेलाभर कॉफी प्यायले.

चौथ्या दिवशी तो ओढ्यावर पाणी आणायला गेला. मी जाळाशेजारी होते.

"काहीतरी आहे," वान म्हणाला.

"आहे," गुन्नेल म्हणाली.

"विचारू का?"

"त्याला सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

"मग आपण काय करायचं?"

"कॉफी प्यायची."

आणि ते प्यायले. दिवसाला नऊ वेळा. गुन्नेलच्या पोटात आग पडत असे, ती गपचूप ब्रेडचा तुकडा चघळत राही. वानचे हात थरथरू लागले होते. रात्री त्याला झोप येत नसे. पण इल्मरीने झाकण काढले की दोघेही पेला पुढे करत. मला तेव्हा ते प्रेम वाटले. होतेच ते प्रेम. पण मित्रांनो, मी पुष्कळ जाळ पाहिले आहेत. धूर कोंडला की डोळे पहिल्यांदा घरातल्यांचेच चुरचुरतात.

थांबा

तळ्याचा नियम सांगायचा राहिला. हा एव्हर्टचा नव्हे, या वाटेचा.

इथे पूल नाही. तीन नावा आहेत. कुठल्याही वेळी दोन्ही तीरांवर निदान एकेक नाव असलीच पाहिजे. तुमच्या तीरावर दोन असतील तर नशीब, एक घ्यायची आणि जायचे. पण एकच असली, तर ती घेऊन पलीकडे जायचे, तिथल्या दोनांपैकी एक मागे बांधून पुन्हा अलीकडे यायचे, तिला इथे सोडायचे आणि तिसऱ्यांदा पार व्हायचे. एका खेपेला पाऊण तास. वाऱ्यात तासभर. इथे पहारा नाही, दंड नाही. तरी लोक तीन खेपा मारतात. मागून येणारा कोण हे माहीत नसते, पण तो येणार एवढे माहीत असते.

सातव्या दिवशी दुपार व्हायच्या आधीच आम्ही काठाशी आलो. एकच नाव होती.

इल्मरीने ती बघितली. पाठीवरची पिशवी उतरवताना त्याने एक हात जरा वेळ छातीवरच्या पट्ट्याशी ठेवला. मग वल्ही घेतली. निम्म्या तळ्यापर्यंत तो नेहमीसारखा वल्हवत होता. त्यानंतर वल्ही पाण्यात बुडत होती आणि नाव पुढे जात नव्हती. गुन्नेल समोर बसली होती. तिच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. ती म्हणाली, जरा मला हात साफ करू दे, किती वर्षं झाली. डाव्या हाताने ती आणि दोन हातांनी वान, अशी नाव नागमोडी जात पलीकडे लागली. इल्मरी बघत होता. पहिल्यांदाच त्याने वानची थट्टा केली नाही.

पलीकडे दोन नावा बांधलेल्या होत्या. आता तीन झाल्या. मागचा तीर रिकामा.

इल्मरी दोर हातात घेऊन उभा राहिला. "मी एक सोडून येतो."

"कशाला?" गुन्नेल म्हणाली. "आपल्या मागे कोणी नाहीये. ऑगस्ट संपला. आता कोण येतंय?"

"कोणी नाही," वान म्हणाला.

हा वान म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, वाहनांचा पत्ता नसताना, लाल दिव्याशी उभा राहणारा माणूस. त्याने असे म्हणावे आणि इल्मरीने ते ऐकावे. दोघांनाही खरे माहीत होते. इल्मरीला एक वाक्य बोलता आले असते. त्या दोघांनाही एक विचारता आले असते. तिघांच्याही तोंडात ते आले होते, मला दिसत होते.

इल्मरीने दोर खाली ठेवला. मला उचलले.

"चला, वर जाऊन कॉफी करू," तो म्हणाला.

थांबा

नाही, मी इथे थांबायला नको. पण दम लागला.

मुक्कामाचे घर काठापासून पाच मिनिटांवर. ते सांभाळणारी सिग्ने लाकडे आणायला गेली होती. ओसरीवर मला जाळावर ठेवले. तीन उकळ्या झाल्या. गाळ बसला. इल्मरीने तीन पेले भरले. कोणी पेला उचलला नाही. आठवड्यात पहिल्यांदाच माझी कॉफी थंड झाली. वान बूट काढून पायाचे फोड बघत होता, खरे तर बघायला काही नव्हते. गुन्नेल तळ्याकडे तोंड करून बसली होती, पण मधल्या टेकाडामुळे पलीकडचा तीर तिथून दिसत नाही.

तीन तास गेले.

सिग्ने चार वाजता आली. तिची रीत अशी, की वाटसरूला आल्या आल्या लाल रानफळांचे गरम सरबत द्यायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचा. दाराशी काळी पाटी टांगलेली असते. खडू हातात घेऊन तिने तो विचारला.

"त्या तीरावर किती नावा राहिल्या?"

गुन्नेल सरबताच्या पेल्यात बघत राहिली.

"एक," वान म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

सिग्नेने पाटीवर एकाचा आकडा काढला. खडूचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. चार इंचांचा आवाज.

मग इल्मरी उठला. पाटीपाशी गेला आणि स्वेटरच्या बाहीने तो आकडा पुसला.

"शून्य लिही," तो म्हणाला. "तिकडे एकही नाही. मी परत जायला हवं होतं. मला जमलं नाही."

सिग्ने बघतच राहिली.

"छातीत धरतं," तो तिला सांगत होता, पण ते ऐकवायचे होते दुसऱ्या दोघांना. "मार्चपासून. डॉक्टर जाऊ नको म्हणाला होता."

"माहीत आहे," गुन्नेल म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसाच्या दुसऱ्या कॉफीपासून."

"मला तिसऱ्या दिवशी कळलं," वान म्हणाला. "मला जरा उशिराच कळतं."

इल्मरी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "आणि तरी रोज नऊ-नऊ कॉफ्या प्यायलात?"

"माझ्या पोटाची आग आग झालीये रे, इल्मरी," गुन्नेल म्हणाली आणि तिने तोंड झाकले. ती हसत होती की दुसरे काही करत होती ते मला कळले नाही.

थांबा

सिग्नेची मोटर लावलेली नाव दोन दिवसांपासून बंद होती. तिने आधी इल्मरीच्या गोळ्यांची डबी बघितली, त्याला खाली बसवले, वायरलेसवरून दवाखान्याशी बोलली. सामान घेऊन येणारे हेलिकॉप्टर सकाळी येणार होते. तोवर जागचे हलायचे नाही, असे ठरले. पण तो ऐकेना. काठापर्यंत जाऊन बसतो म्हणाला. शेवटी सिग्नेने त्याला हात धरून पावलापावलाने नेले आणि पाणी भरून मलाही त्याच्या हाती दिले. त्याने काठावर जाळ केला, म्हणजे धुराचा अंदाज घेऊन वान नाव सरळ ठेवील.

नाव परत ठेवायला वान आणि गुन्नेल निघाले. पुढे एक नाव, मागे दोराला बांधलेली दुसरी. पहिल्या शंभर हातांत वानने तिला दोनदा गोल फिरवले. पाण्यावरून गुन्नेलचा आवाज येत होता, डावं, डावं, अरे तुझं डावं, माझं नव्हे. मग आवाज बारीक झाला. मग फक्त वल्ही.

इल्मरी एका दगडावर बसला होता. तो त्यांच्याकडे बघत होता आणि त्याचे दोन्ही हात हवेत हळूहळू पुढे येत होते, मागे जात होते. पुढे, मागे. त्याचे त्याला कळत नव्हते. इतक्या उन्हाळ्यांत ज्या हातांनी त्यांना पार नेले ते हात आता रिकामेच वल्हवत होते. सिग्ने त्याच्या शेजारी उभी होती.

मी जाळावर होते. माझे पाणी उकळले. एक उकळी. दोन. तीन. कोणी कॉफी टाकली नाही. इल्मरीची नजर पाण्यावर होती. पाणी कमी होत गेले. मी शिट्टी वाजवणारी किटली नाही, मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. शेवटचा थेंब आटला तेव्हा नावेचा ठिपका पलीकडे लागत होता. इल्मरी उभा राहिला. तिकडे, झाडांखाली, काहीतरी पिवळे हलले. माणसे. दोन.

माझे बूड तापून तापून मऊ पडले होते. आणि मग, अगदी हळू, मला काहीतरी सुटल्यासारखे वाटले. माझ्यावर त्याने लक्ष ठेवायला हवे होते का? नाही. त्या वेळी त्याने जिकडे बघायला हवे होते तिकडेच तो बघत होता. मला राग नाही. तेव्हाही नव्हता.

परत येताना नाव बाणासारखी सरळ आली. वल्ही एका उंच, हाडकुळ्या बाईच्या हातांत होती. पिवळे रेनकोट घातलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी, नॉर्वेच्या. वल्हवणारी ओड्नी. दुसरी तोरुन्न, तिचा घोटा सुजला होता. वान मागे पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता. एक नाव पलीकडे राहिली होती.

तोरुन्नला उतरवून घेताना कळले, त्या दोघी एक वाजल्यापासून तिथे बसल्या होत्या. शेवटचे बिस्कीट दोन वाजता अर्धे अर्धे केले होते. तंबू नव्हता. त्यांनी हाका मारल्या नाहीत. कोणी ऐकणारे दिसत नव्हते, म्हणाल्या, मग उगीच कशाला.

इल्मरी पुढे झाला. टोपी काढून हातात घेतली.

"नाव आम्ही नेली होती," तो म्हणाला. "परत आणायला हवी होती."

ओड्नीने वल्ही नावेत आडवी ठेवली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितले, मग छातीवर टेकलेल्या हाताकडे.

"आम्ही म्हटलं, नाव नाहीये, म्हणजे ज्याने नेली त्याला काहीतरी झालं असणार," ती म्हणाली. "नाही तर कोण असं करतं? तोरुन्न तर म्हणाली, बिचारा नीट पोहोचला असेल ना."

वानने नाव काठाला बांधली.

"बरोबर वाटलं तुम्हाला," इल्मरी म्हणाला.

थांबा

कॉफी त्या दिवशी सिग्नेच्या भांड्यात झाली. मी बाजूला, काळ्या बुडाने दगडावर गार होत होते. वानने सवयीने माझ्यात पाणी ओतले आणि ते त्याच्या मोज्यांवर पडले. पण तो चिडला नाही. नुसता खाली बसला आणि माझ्या भोकातून पलीकडचे तळे बघत राहिला.

सकाळी हेलिकॉप्टर आले. त्याआधी इल्मरीने या छपरीत हा खिळा ठोकला. त्याला ठोकू द्यायला नको होते, पण सुताराला खिळा ठोकू नको म्हणून कोण सांगणार? मला त्याने त्यावर टांगले. झाकण एकदा नीट बसवून बघितले.

या उन्हाळ्यात गुन्नेल आणि वान आले होते. दोघेच. माझ्याखालीच बाकावर बसून बोलत होते, म्हणून मला कळले. इल्मरीची शस्त्रक्रिया झाली. तो त्याच्या तळ्याकाठी आहे. लांबच्या वाटा संपल्या. त्याने यांना निरोप दिला होता, की किटली शेवटी माझ्या पाठीवर होती, तेव्हा थांबा मी ठरवणार, आणि थांबा आता माझ्याच धक्क्यावर. तो त्यांना विजेच्या किटलीतून कॉफी देतो म्हणे. हे ऐकून मला जरा कसेसेच झाले, पण माझे चालणार थोडेच.

त्या दिवशीही पलीकडच्या तीरावर एकच नाव होती. वानने तीन खेपा मारल्या. एकट्याने. हिवाळाभर तो गावातल्या बंदरात शिकत होता. अजून थोडा डावीकडे ओढतो.

मित्रांनो, मी खूप थकले आहे, तेव्हा मागणे थोडक्यात मागते. तुमच्या घरातल्या किटलीत खिळे ठेवू नका. तिला आतून साबण लावू नका. तुम्ही दमलात, तर दमलो म्हणून सांगा. शेजारचा दमलेला दिसला, तर नऊ वेळा कॉफी पिण्यापेक्षा एकदा विचारा. आणि पार झालात, की एकदा मागे वळून बघा. त्या तीरावर एक नाव असू द्या.

वारा सुटला आहे. मी भिंतीवर वाजते आहे. दाराच्या फटीतून मला पलीकडचा काठ दिसत नाही, पण सिग्नेने पाटी आता या छपरीच्या दाराशी टांगली आहे, आणि आज संध्याकाळी तिने त्यावर लिहिलेले मी ऐकले. चार इंचांचा आवाज.

एक.